शेवटच्या बाकाचा मान

नवे पाळकसाहेब बोलू लागले की मंडळी डोळे मिटून घेत. त्यातले किती प्रार्थनेत असत आणि किती झोपेत, ते देवालाच ठाऊक. माणूस चांगला होता, पण तरणा, बारीक आवाजाचा, आणि महत्त्वाचं वाक्य आलं की नेमका चष्मा पुसायला घेणारा. सात महिने त्यांनी दर रविवारी जीव तोडून सांगितलं, आणि सात महिने ते पालथ्या घड्यावर पाणी ठरलं. मग एका रविवारी त्यांचा शब्द लागू पडला. असा लागू पडला की त्याचे वळ शिंपीणबाईंच्या घरी उठले.

त्या दिवशी विषय होता नम्रता. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी जाऊन बसू नका, सगळ्यांत शेवटची जागा धरा, ही प्रभूची शिकवण त्यांनी सांगितली. मग चष्म्याला हात न लावता म्हणाले, की दूर कशाला जायचं, आपल्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर कोण बसतं आणि शेवटच्या बाकावर कोण, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

मनाला विचारायची गरज नव्हती. मान वळवली की दिसत होतं. बावीस बाकांपलीकडे, बाजूच्या दाराला लागून, शिंपीणबाई आणि त्यांचा नवरा बसले होते. एवढी तोंडं एकदम आपल्याकडे वळलेली पाहून शिंपीणबाईंना वाटलं, घाईत आपण गळ्यातला टेप काढायलाच विसरलो. त्यांनी गळा चाचपला. टेप नव्हता.

आता खरं सांगायचं तर शिंपीणबाई नम्र वगैरे काही नव्हत्या. गिऱ्हाइकाने पोट आत ओढून माप दिलं, तर "श्वास सोडा, मग बटण तुटलं म्हणून माझ्या नावाने ओरडू नका," असं चारचौघांत सुनावणारी बाई ती. शेवटचा बाक त्यांनी धरला होता तो नवऱ्यापायी.

नवरा मोठा कारागीर. चाळीस वर्षं त्याने कोट बेतले. खांद्याला सुरकुती पडली तर आख्खा कोट उसवून पुन्हा शिवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची पाळी आली, वाचा बसली, आणि लघवीवरचा ताबा सुटला. त्याने बायकोच्या गुडघ्यावर दोन बोटं आपटली की दोन मिनिटांच्या आत त्याला न्यावं लागे. शिंपीणबाईंनी अंतर मोजून ठेवलं होतं. बाकाच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत तीन पावलं, दारापासून बाहेरच्या बोळातून संडासापर्यंत अकरा. नवऱ्याच्या चालीने दीड मिनिट. अर्ध्या मिनिटाची माया राहत होती, कापडाला ठेवतात तशी.

एवढा खटाटोप करून त्याला चर्चला आणायचं कारण वेगळंच होतं. त्या माणसाला बोलता येत नव्हतं, पण गाता येत होतं. ऑर्गन सुरू झाला, मंडळी उभी राहिली, की त्याच्या तोंडातून गीताचे शब्द सरळ बाहेर पडत, एकही न अडखळता. डॉक्टर म्हणाले होते की बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, एका खोलीचं कुलूप बिघडलंय, एवढंच. घरी ते जमत नसे. शिंपीणबाईंनी प्रयत्न केला होता, पण त्यांचा आवाज तेल न घातलेल्या मशीनसारखा. नवऱ्याने डावा हात वर करून त्यांना थांबवलं होतं. त्याला ऑर्गन लागे, आणि शंभरेक गळे लागत. म्हणून आठवडाभर मुका असलेला माणूस रविवारी तासभर बायकोला ऐकू येई.

पुढच्या रविवारी शिंपीणबाई नेहमीप्रमाणे पाऊण तास आधी पोहोचल्या, तर शेवटचा बाक भरलेला.

दाराकडच्या कोपऱ्यात ठेकेदार. त्यांच्या शेजारी त्यांची बायको. मग डॉक्टरीणबाई, मग निवृत्त हेडमास्तर, जे पंचकमिटीचे सेक्रेटरी होते, आणि टोकाला हेडमास्तरांचे मेहुणे, ज्यांना आपण इथे का बसलोय याचा पत्ता नव्हता. ठेकेदार म्हणजे निम्मं शहर बांधलेला माणूस. दहा वर्षं पहिल्या बाकाचा कोपरा त्यांचा होता, आणि तिथे चुकून पाहुणा बसला तर ते त्याच्यासमोर नुसते उभे राहत. आज ते शेवटच्या बाकावर खांदे पाडून, हात जोडून, चेहरा पडका करून बसले होते. बिचाऱ्यांना सवय नव्हती, त्यामुळे पोट दुखत असल्यासारखे दिसत होते.

"या बाई," ते उठून म्हणाले. "आज तुम्ही पुढे. पहिला बाक तुमचा."

"मला पुढचा नको. मला हा कोपरा हवाय."

ठेकेदारांनी बायकोकडे पाहिलं. "बघ. याला म्हणतात नम्रता. शिकण्यासारखं आहे." एवढं बोलून ते परत खाली बसले.

शिंपीणबाई कारण सांगायला तोंड उघडणार, तोवर हेडमास्तरांनी नवऱ्याचा कोपर धरलासुद्धा. "चला काका, आज तुमचा मान," असं म्हणत त्यांनी दोघांना बावीस बाक ओलांडून थेट वेदीसमोर नेऊन बसवलं, आणि स्वतः लगबगीने परतले, कारण मेहुणे पसरट बसणारे होते.

दुसरं गीत संपत आलं आणि गुडघ्यावर दोन बोटं आपटली. शिंपीणबाईंनी नवऱ्याला उठवलं. मधल्या वाटेने दोघं निघाली. लोकांना वाटलं, हा आजच्या नम्रतेचाच काही भाग असावा. जो तो उठून मान लववू लागला. एकाने नवऱ्याशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला, तोही त्याच्या गेलेल्या हाताकडे. सोळाव्या बाकापाशी नवरा थांबला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला. शिंपीणबाईंनी न बघताच ओळखलं.

त्यानंतर तो यायला तयार होईना. रविवारी सकाळी कोट दाखवला की डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरायचा आणि ओठ मिटून भिंतीकडे बघायचा. एक रविवार गेला, दुसरा गेला. घरात मशीनखेरीज आवाज नव्हता. शिंपीणबाई पायडल मारता मारता मध्येच थांबत, आणि ती शांतता ऐकू आली की पुन्हा पाय हलवत. कोपरा परत मिळाल्याखेरीज आपल्या माणसाचा आवाज परत मिळणार नाही, एवढं त्यांना स्वच्छ कळलं.

आधी त्या ठेकेदारांकडे गेल्या. ते एका अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गवंड्यांवर ओरडत होते. सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले की त्यांची तर आत्ता उठायची तयारी आहे, पण ते पुढे जाऊन बसले तर लोक म्हणतील याचा गर्व परत वर आला. दुसऱ्या कुणाला विचारून बघावं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांनी शेवटच्या बाकावर बसायचं देवाला वचन दिलंय, आणि वचनातून स्वतःची सुटका करून घ्यायला त्या काही धर्मगुरू नाहीत. हेडमास्तर म्हणाले, लेखी अर्ज करा. पाळकसाहेबांकडे गेल्या तेव्हा ते इतके खुशीत होते की शिंपीणबाईंना त्यांची दया आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कुणी ऐकलं होतं.

"मी त्यांना उठा कसं म्हणू, मावशी? मीच तर बसा म्हणालो," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

इकडे शेवटच्या बाकाचं भाग्य उजळत होतं. ठेकेदारांनी त्याचा डुगडुगता पाय बदलून दिला. डॉक्टरीणबाईंनी गाद्या घातल्या. मागे उकडतं म्हणून पंखा आला, मागे ऐकू येत नाही म्हणून स्पीकर आला. जागा धरायला लोक साडेसातला येऊ लागले, मग सातला. कुणी आदल्या संध्याकाळीच रुमाल टाकून जाऊ लागला. ज्यांना शेवटचा बाक मिळेना ते एकविसावा धरत, ज्यांना तो मिळेना ते विसावा. पुढचे दहा बाक ओस पडले. पाळकसाहेब रिकाम्या लाकडांना नम्रता शिकवत, आणि मंडळी दुरून माना डोलावत. कुणी उशिरा आलं तर त्याला शिक्षा म्हणून पुढे बसावं लागे.

अर्जाची सुनावणी कमिटीच्या बैठकीत झाली. चर्चच्या मागच्या खोलीत लांब टेबल, त्याभोवती सातजण, आणि टोकाला स्टुलावर शिंपीणबाई. हेडमास्तरांनी अर्ज वाचून दाखवला. त्यातली शुद्धलेखनाची चूक आधी दुरुस्त केली, मग वाचला. एकजण म्हणाले, काकांसाठी पुढेच काहीतरी सोय करू, एखादं भांडं वगैरे. दुसरे म्हणाले, वेदीसमोर भांडं बरं दिसणार नाही. तिसऱ्यांनी सुचवलं की काकांनी घरूनच गावं, देव सगळीकडे आहे. मग कुणी जागा सोडावी यावर अर्धा तास बोलणं झालं. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं: मी सोडली असती, पण माझं आत्म्याचं काम अर्धवट राहील.

शिंपीणबाईंचा धीर सुटला. त्या स्टुलावरून उठल्या.

"तुम्हाला खालची जागा हवी ना? मग बाक कशाला अडवता? या चर्चमधली सगळ्यांत खालची जागा त्या दाराबाहेर अकरा पावलांवर आहे. घ्या हातात ब्रश आणि जा तिकडे. तिथे रांग लागलेली मी काही पाहिली नाही."

शिंपीणबाईंना वाटलं, बसला बाण. आता कुणीतरी मान खाली घालेल. हेडमास्तरांनी सावकाश पेनाचं टोपण काढलं.

"बाई, पुन्हा एकदा सांगा. जरा हळू. लिहून घेतो."

झालं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आली. बाईंनी रागाने फेकलेला शब्द कमिटीने वरच्यावर झेलला. एका गरीब शिंपिणीच्या तोंडून देव बोलला, असं ठेकेदार गहिवरून म्हणाले. त्याच बैठकीत 'स्वच्छता सेवक मंडळ' स्थापन झालं, बाराजणांची यादी झाली, पाळ्या लागल्या. आता सेवेवर असलेल्या माणसाला उपासना चालू असताना कधीही उठून संडासाकडे जावं लागणार, म्हणून त्याने दाराजवळ बसणं भाग होतं. तेव्हा शेवटचा बाक सेवकांसाठी राखीव, असा ठराव झाला. तोवर तो निदान कुणाच्याही नावावर नव्हता. शिंपीणबाईंचा अर्ज त्याच ठरावाने निकाली निघाला, आणि त्यांचे आभार मानण्यात आले.

वर एप्रनांची ऑर्डर त्यांच्याच गळ्यात पडली. सेवेचं काम, तेव्हा मजुरी विचारायची सोय नव्हती. बारा पांढरे एप्रन, छातीवर निळ्या दोऱ्याने 'दीन सेवक' भरायचं. पहिला नमुना नेला तर डॉक्टरीणबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथून वाचता येत नाही. अक्षरं चार बोटं उंच झाली. मग हेडमास्तरांना सुचलं की काम करताना माणूस वाकतो, वाकला की समोरच्याला त्याची पाठ दिसते, तेव्हा एप्रन मागेही झाकेल इतका रुंद हवा आणि तिथेही 'दीन सेवक' हवं. शिंपीणबाईंनी आठ दिवस बसून ते भरलं. 'सेवक'मधल्या 'व'च्या पोटात सुई घालताना त्यांच्या मनात जे शब्द येत होते, ते कुठल्याच एप्रनवर शोभले नसते.

संडास एकच. एक बाई वर्षानुवर्षं दर शनिवारी येऊन तो लख्ख करून जायची. तिला कुणी काही विचारलं नाही. आता ती सोमवारीही येऊ लागली, कारण रविवारी दीन सेवक अर्धा डबा साबणाची पावडर ओतून जात, आणि तो फेस काढायला कुणीतरी लागे.

सेवक मंडळाच्या चौथ्या रविवारी शिंपीणबाईंनी नवऱ्यासमोर बसून सांगितलं, "अहो, आत जायचंच नाही आपल्याला. दाराबाहेर बोळात बसू. दुकानातली दोन स्टुलं नेते. दार उघडंच असतं, ऑर्गन ऐकू येईल. बाहेर बसलेल्याला कुणी मान देत नाही." नवऱ्याची दांड्यावरची बोटं एकेक करून सुटली.

बोळात सावली होती. दोघं स्टुलांवर बसली. आत पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली होती, स्पीकरमधून अडखळत बाहेर येत होती. पहिलं गीत अजून व्हायचं होतं. नवऱ्याने कोटाची कॉलर डाव्या हाताने सारखी केली. आणि लगेचच, दोन बोटं.

संडासाचं दार उघडं होतं आणि आत दोन माणसं होती. ठेकेदार एप्रन घालून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात ब्रश धरून उकिडवे बसले होते. हेडमास्तर दारात मोबाईल घेऊन उभे होते. मंडळीच्या मासिकासाठी फोटो हवा होता. फेस घोट्यापर्यंत आला होता.

"जरा थांबा बाई, दोनच मिनिटं," हेडमास्तर म्हणाले. "उजेड नीट येत नाहीये. ठेकेदारसाहेब, चेहरा इकडे, आणि ब्रश तिकडे."

"यांना थांबता येत नाही, सर."

"एकच फोटो."

तेवढ्यात जे व्हायचं ते झालं, आणि त्या दिवशी नुसत्या लघवीवर भागलं नाही. हेडमास्तरांना ते नाकानेच सांगितलं. त्यांनी रुमाल काढला, गीताचे नंबर बोर्डावर बरोबर लागलेत का ते बघायला हवं असं काहीतरी पुटपुटले, आणि अकरा पावलं चार पावलांत ओलांडून आत गेले.

ठेकेदारही उठले होते. पण बाहेर पडायची वाट शिंपीणबाई आणि त्यांच्या नवऱ्याने अडवली होती, आणि नवरा पांढराफटक पडून लटपटत होता.

"धरा यांना," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? या साबणात मी एकटी यांना घेऊन उभी राहिले तर दोघं मोडून पडू. बगलेत हात घाला. उजव्या नाही, डाव्या. हं. उजवा पाय उचलत नाहीत ते, तो ढकलावा लागतो. पायाने ढकला, हळू."

ठेकेदारांच्या हातातला ब्रश गळून पडला. त्यांनी बगलेत हात घातला. दारातून दोन माणसं एकदम जाईनात. ठेकेदारांचा खांदा चौकटीला अडकला.

"तुम्हीच बांधलंय ना हे?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"हो."

"कुणाच्या मापाने?"

ठेकेदार तिरके होऊन, पोट आत ओढून कसेबसे घुसले. मग पुढचं सगळं झालं, जसं घराघरांत होतं आणि कुणी सांगत नाही. पट्टा सोडला, पॅन्ट उतरवली, बादलीतलं पाणी घेतलं. शिंपीणबाई एका बाजूने धूत होत्या आणि ठेकेदार त्या माणसाचं सगळं वजन छातीवर घेऊन उभे होते. त्यांच्या शर्टाला लागलं, हाताला लागलं. एकदा त्यांना उमासा आला, तो त्यांनी गिळला.

"त्यांच्या तोंडाकडे बघू नका," शिंपीणबाई खालून म्हणाल्या. "भिंतीकडे बघा. त्यांना लाज वाटते."

ठेकेदार भिंतीकडे बघू लागले. भिंतीला ओल होती, प्लास्टर फुगलं होतं. ते पाहताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या छातीवर टेकलेलं डोकं हुंदके देतंय, आवाज न करता. त्यांना काय करावं कळेना. मग त्यांनी मोकळा हात त्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

आत ऑर्गन सुरू झाला. मंडळी उठल्याचा आवाज आला. पहिली ओळ वरच्या झरोक्यातून खाली आली, आणि दुसऱ्या ओळीला ठेकेदारांच्या गळ्यापाशी कुणीतरी गाऊ लागलं. सुरुवातीला घोगरं, मग मोकळं. शब्द सगळे जागेवर. ठेकेदार दचकले, त्यांना वाटलं, बाहेर कुणी आलं.

"हे गातायत?"

"हलू नका. धरून ठेवा."

"पण यांना तर बोलता येत नाही ना?"

"बोलता येत नाही. गाता येतं. इथेच येतं, घरी नाही येत. म्हणून तर हवा होता तो कोपरा." शिंपीणबाईंनी तांब्या बादलीत बुडवला. "कानीकपाळी ओरडून सांगत होते. अर्जातसुद्धा लिहिलं होतं."

"अर्जात शुद्धलेखन..." ठेकेदार म्हणाले आणि थांबले. गीत संपेपर्यंत ते तसेच धरून उभे राहिले. चार कडवी होती. शिंपीणबाईंचं धुणं दुसऱ्या कडव्यातच आटोपलं होतं, पण त्याही उठल्या नाहीत. पुष्कळ दिवसांनी ऐकत होत्या.

ओली पॅन्ट घालून नेता येईना. ठेकेदारांनी गळ्यातला एप्रन काढला आणि नवऱ्याच्या कमरेला गुंडाळला. अंगाने मोठा माणूस असल्याने त्यांचा एप्रन बाईंनी सढळ शिवला होता. तो पुरून उरला. 'दीन सेवक' ही अक्षरं नेमकी बैठकीवर आली. नवऱ्याने मान वळवून ती वाचायचा प्रयत्न केला, आणि त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. ठेकेदार त्यांना गाडीने घरी सोडायला गेले. सीटवर काही अंथरू का, असं शिंपीणबाईंनी विचारलं, तर नको म्हणाले.

शनिवारी ते दुकानात आले. शर्टाचं बटण तुटल्याचं निमित्त होतं. बटण नखाने तोडलेलं स्पष्ट दिसत होतं. शिंपीणबाईंनी सुईत दोरा ओवला. नवरा आतल्या खुर्चीत बसला होता. ठेकेदारांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, त्याने डावा हात उचलला.

"उद्या लवकर यायची घाई करू नका," ठेकेदार म्हणाले. "कोपऱ्यातल्या दोन जागा धरून ठेवतो. आम्ही दोघं पुढे जातोय. बायकोला अजून पटलेलं नाही, पण येईल ती."

"कमिटीचा ठराव आहे ना?"

"ठरावात लिहिलंय की सेवेवर असलेल्या माणसाने तिथे बसावं. दोन वर्षं तुमच्याएवढी सेवा कुणी केलीय? हेडमास्तरांना मी तेवढंच सांगितलं. बाकी काही नाही." ते जरा घुटमळले. "एक करा, बाई. त्या दिवशीचं कुणाला सांगू नका."

"का? चांगलंच तर केलंत."

"म्हणूनच. लोकांना कळलं तर मला उचलून परत शेवटच्या बाकावर बसवतील."

रविवारी दोन जागा खरंच रिकाम्या होत्या. गादीसकट. शिंपीणबाईंनी गादी काढून बाजूला ठेवली, कारण ती निसरडी होती, आणि नवऱ्याला कोपऱ्यात बसवलं. पहिल्या गीताच्या आधी ठेकेदार आणि त्यांची बायको मुख्य दाराने आत शिरली, आणि मधल्या वाटेने, भरलेले बारा बाक आणि रिकामे दहा ओलांडून, थेट पहिल्या बाकावर जाऊन बसली. बायको तर इतकी ताठ चालत होती की तिच्या मानेकडे बघवेना. चर्चभर कुजबुज उठली. दहा रिकाम्या बाकांपलीकडे ती दोन डोकी अशी दिसत होती, जशी आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतात.

पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांना मोठं दुःख झालं. एवढ्या महिन्यांत कमावलेलं पहिलं माणूस हातचं गेलं होतं. त्यांनी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला आणि गर्वावर बोलायला घेतलं. नांगराला हात घालून मागे बघणारा, चार दिवस खाली बसून पुन्हा वर चढणारा, असं बरंच बोलले, आणि एकदाही चष्मा पुसला नाही. आवाजसुद्धा बारीक राहिला नाही. ठेकेदारांचे कान मागून लाल दिसत होते. ते हलले नाहीत.

हेडमास्तर शिंपीणबाईंकडे झुकले. "बघितलंत ना?" ते कुजबुजले. "चार रविवार. त्या दिवशी जरा खरं काम अंगावर आलं आणि पळाला. मला वासावरूनच कळलं होतं, हा टिकणार नाही. गर्व रक्तातच असतो काहींच्या."

जन्मभर जी बाई तोंडावर बोलत आली, तिला एवढं मोठं उत्तर तयार असताना गप्प बसायचं होतं. शिंपीणबाईंनी दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरली. पुढे त्या लाल कानांकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला, नवरा डाव्या हातावर जोर देऊन उठू लागला, आणि त्याचा उजवा पाय झुकलेल्या हेडमास्तरांच्या बुटाला अडकला.

"सर," शिंपीणबाई म्हणाल्या, "तुमचा पाय जरा आत घ्या. यांना उभं राहायचंय."